सुईची साक्ष

आमच्या लहानपणी गल्लीत कुणाच्या कमरेत उसण भरली, की पहिला निरोप डॉक्टरकडे जात नसे. तो पायाळू माणसाकडे जाई. जन्माला येताना जो पायांकडून आला तो पायाळू. त्यानं दुखऱ्या पाठीला पाय लावायचा, की उसण गेलीच म्हणून समजा. आमच्या गल्लीत असा एक मुलगा होता, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. सकाळी सकाळी त्याच्या दारात कमरेवर हात ठेवलेली दोन-चार वाकडी माणसं उभी असत. तो डोळे चोळत बाहेर येई, एकेकाच्या पाठीला पाय लावी आणि मग दप्तर घेऊन शाळेत जाई. गंमत म्हणजे माणसं खरोखरच बरी होत. दोन दिवसांनी तीच माणसं पाण्याच्या घागरी उचलताना दिसत.

पुढे मी वैद्यकीय शिक्षण घेतलं, भूलतज्ज्ञ झाले, तेव्हा या चमत्काराचा उलगडा झाला. अचानक भरलेली उसण बहुतेकांची काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत आपोआपच ओसरते. पायाळूला मिळणारं श्रेय खरं तर काळाचं होतं.

ही आठवण आज सांगण्याचं कारण वेगळंच आहे. मी नोकरीला आले तेव्हा या शहराचं नाव औरंगाबाद होतं, आता ते छत्रपती संभाजीनगर आहे. या शहरात तीस वर्षं मी शस्त्रक्रियेच्या टेबलावर माणसांना भूल दिली आणि त्याबरोबरच पाठ-मान दुखणाऱ्यांच्या मणक्यांमागच्या छोट्या सांध्यांत इंजेक्शनंही दिली. त्या काळात एक प्रश्न मला वरचेवर छळत राहिला. माझ्या सुईला मिळणारं श्रेय पायाळूच्या पायासारखंच तर नाही ना? हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. या इंजेक्शनांचा शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे याच प्रश्नाचा पाठलाग आहे.

आधी हे सांधे कोणते ते पाहू. कण्याचं चित्र आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. एकावर एक रचलेले मणके आणि मधे गाद्या. म्हणून दुखलं की आपण म्हणतो, ‘गादी सरकली’, ‘मणक्यात गॅप आला’, ‘नस दबली’. पण कण्याची मागची बाजू या चित्रात सहसा नसते. कोणत्याही दोन मणक्यांच्या मागे डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन छोटे सांधे असतात. बोटांच्या पेरांना असतात तसेच. आत गुळगुळीत कूर्चा, थोडंसं वंगण आणि वरून घट्ट पिशवी. वैद्यकात त्यांना फॅसेट सांधे म्हणतात. मानेपासून कमरेच्या तळापर्यंत यांच्या वीसहून अधिक जोड्या आहेत. कमरेच्या सांध्यात जेमतेम दीड-दोन मिलिलिटर औषध मावतं, मानेच्या सांध्यात तर एक मिलिलिटरसुद्धा मुश्किलीनं. गुडघे झिजतात तसे हेही झिजतात, सुजतात आणि दुखतात.

अडचण अशी, की पन्नाशी-साठी ओलांडलेल्या बहुतेकांच्या चित्रात ही झीज दिसतेच, मग पाठ दुखत असो वा नसो. एक्स-रे असो की एमआरआय, चित्रात झीज दिसते, वेदना दिसत नाही. मग दुखतंय ते याच सांध्यातून, हे ठरवायचं कसं?

जुन्या लोकांपुढेही हाच पेच होता. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांमध्ये ‘गृध्रसी’ या नावानं कमरेतून पायात उतरणाऱ्या वेदनेचं वर्णन आहे. माणूस गिधाडासारखा लंगडत चालतो, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. त्यावर शिरावेध, बस्ती, अग्निकर्म असे उपाय सांगितले आहेत. आपल्या खेड्यांत त्याचाच कुठला तरी दूरचा अवशेष म्हणून डाग देणं आणि बिब्ब्याचा चटका देणं चालत आलं. कपडे बदलून टेबलावर पालथ्या झोपलेल्या म्हाताऱ्यांच्या कमरेवर असे गोल डाग मी कितीदा पाहिले आहेत. जिथे दुखतं तिथेच डागायचं, ही त्यामागची समजूत. पण कण्याची वेदना मोठी लबाड. ती उगम पावते एका ठिकाणी आणि जाणवते दुसऱ्याच ठिकाणी.

वेदनेचा उगम शोधायचा तर शरीराचा नेमका एखादाच भाग बधिर करता यायला हवा. ती विद्या यायला एकोणिसावं शतक उजाडलं आणि त्या शतकाच्या अखेरीस आपल्याच संस्थानात एक मोठा प्रयोग झाला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबादला एडवर्ड लॉरी नावाचे इंग्रज सर्जन वैद्यकशाळेचे प्रमुख होते. क्लोरोफॉर्मची भूल देताना माणसं अचानक दगावत. हृदय बंद पडून दगावतात की श्वास थांबून, यावर युरोपात वाद पेटला होता. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी पैसा दिला आणि १८८८ साली हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन नेमलं गेलं. त्याचा निष्कर्ष लंडनला पटेना, म्हणून १८८९ मध्ये दुसरं कमिशन बसलं. त्यासाठी ‘लॅन्सेट’च्या वतीनं लॉडर ब्रन्टन हे नामांकित डॉक्टर थेट इंग्लंडहून हैदराबादला आले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. निष्कर्ष पुन्हा तोच निघाला. श्वासावर लक्ष ठेवा, क्लोरोफॉर्म थेट हृदयाला धोका करत नाही.

हा निष्कर्ष चुकीचा होता. १९११ च्या सुमारास इंग्लंडमध्ये लेव्ही या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदयाची लय एकाएकी बिघडून ते थांबू शकतं. राजाचा पैसा, लंडनचा तज्ज्ञ, शेकडो प्रयोग एवढं सगळं असूनही उत्तर चुकू शकतं, हा धडा आपल्या संस्थानानं जगाला दिला. त्याच वैद्यकशाळेनं आणखीही एक गोष्ट दिली. तिथे शिकलेल्या डॉ. रूपाबाई फुरदूनजी यांची गणना जगातल्या अगदी पहिल्या महिला भूलतज्ज्ञांमध्ये होते. भूल देताना रुग्णाच्या छातीच्या हालचालीवरून नजर हटवायची नाही, ही सवय मला लागली तेव्हा मला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं.

पण क्लोरोफॉर्मनं अख्खा माणूस झोपतो आणि झोपलेला माणूस कुठे दुखतं ते सांगू शकत नाही. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी फक्त डोळा बधिर करून दाखवला. माणूस जागा आणि डोळा बधिर. १९०१ साली पॅरिसमध्ये सिकार आणि कॅथलँ या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, माकडहाडाजवळच्या फटीतून कण्यात कोकेन सोडलं. सिकार यांनी ते पायात उतरणाऱ्या वेदनेसाठीच वापरलं. कोकेनची जागा १९०५ नंतर प्रोकेननं घेतली आणि १९४३ मध्ये स्वीडनमध्ये लिडोकेन तयार झालं. आज दाताच्या डॉक्टरकडे हिरडीत देतात ते हेच. आता माणसाला जागं ठेवून त्याच्या शरीराचा एकेक भाग गप्प करता येऊ लागला आणि त्यालाच विचारता येऊ लागलं, ‘आता दुखतं का?’

तरीही मणक्यांमागच्या सांध्यांकडे लक्ष जायला वेळ लागला. १९११ साली बोस्टनच्या गोल्डथ्वेट यांनी पाठदुखीचं मूळ या सांध्यांत असू शकेल, असं लिहून ठेवलं. १९३३ मध्ये अमेरिकेतल्याच मेयो क्लिनिकच्या घोर्मली यांनी त्या दुखण्याला ‘फॅसेट सिंड्रोम’ असं नाव दिलं. पण नशीब पाहा. पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी गादी फाटून नस दाबली जाते हे दाखवून दिलं आणि सगळं जग गादीच्या मागे लागलं. पुढची तीस-चाळीस वर्षं पाठदुखी म्हणजे गादी, असंच समीकरण झालं. आजही आपण ‘गादी सरकली’ म्हणतो, त्यात त्या शोधाचा वाटा आहेच. पुढे सांध्यांचा विचार मागे पडला.

यानंतरची तारीख सांगताना माझ्या अंगावर दरवेळी काटा येतो. १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी निजामाचं राज्य संपलं. त्यानंतर चारच दिवसांनी, २१ सप्टेंबरला, त्याच मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांच्या देखरेखीखाली संधिवातानं जखडलेल्या एका तरुण स्त्रीला ‘कंपाउंड ई’ नावाच्या नव्या द्रव्याचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. अंथरुणावरून नीट उठताही न येणारी ती बाई आठवडाभरात चालायला लागली. त्या द्रव्याला पुढे कॉर्टिझोन म्हणू लागले आणि १९५० मध्ये हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळालं. पण चेहरा सुजणं, हाडं ठिसूळ होणं, साखर वाढणं, औषध बंद करताच दुखणं उलटणं असे परिणाम लवकरच दिसू लागले. मग १९५१ साली फिलाडेल्फियाच्या हॉलंडर यांनी वेगळी वाट दाखवली. अख्ख्या शरीराला औषध कशाला द्यायचं? दुखऱ्या सांध्यातच थेंबभर सोडा. गुडघ्यापासून सुरू झालेली ही वाट पुढे कण्यापर्यंत पोचली.

मराठवाड्यात तेव्हा काय होतं? मोठ्या दुखण्यासाठी मनमाड-काचीगुडा मार्गावरच्या छोट्या लाइनच्या गाडीनं हैदराबाद गाठावं लागे. १९५६ मध्ये इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आणि त्याचं रुग्णालय लोकांच्या तोंडी ‘घाटी’ झालं. शस्त्रक्रिया आणि बाळंतपणं यांचीच गर्दी एवढी, की पाठदुखीसाठी इंजेक्शन ही कल्पनाच फार उशिरा आली.

इकडे जगात मूळ प्रश्नाचा पाठलाग चालूच होता. १९३८-३९ मध्ये लंडनला केलग्रेन यांनी स्वतःच्या आणि सहकाऱ्यांच्या पाठीत खारट पाण्याची इंजेक्शनं देऊन पाहिली. पाणी टोचलं कण्याजवळ, कळ गेली भलतीकडेच. वेदना फसवते हे त्यांनी स्वतःच्या अंगावर झेलून सिद्ध केलं. १९६३ मध्ये स्वीडनच्या हिर्श यांनी हेच या सांध्यांजवळ करून पाहिलं. मग १९७६ साली कॅलिफोर्नियाच्या मूनी आणि रॉबर्टसन यांनी निर्णायक पाऊल टाकलं. तोवर एक्स-रेखाली सुई कुठे जाते ते हलत्या चित्रात पाहता येऊ लागलं होतं. त्यांनी सुई थेट सांध्यात नेली आणि खारट पाणी सोडलं. निरोगी माणसाच्याही कमरेतून नितंबाकडे, मांडीकडे कळ गेली. मग तिथेच बधिर करणारं औषध सोडलं आणि कळ थांबली. मांडीत उतरणारी कळ म्हणजे दबलेली नसच, हा समज त्यांनी मोडला. घोर्मलींची चाळीस वर्षांपूर्वीची कल्पना पुन्हा जिवंत झाली.

म्हणजे मुळात ही सुई साक्षीदार म्हणून पुढे आली. आम्ही डॉक्टरांनी आणि रुग्णांनी मिळून तिला उपचार करून टाकलं आणि तिथून गोंधळ सुरू झाला.

मीही त्या गोंधळात होते, हे कबूल केलं पाहिजे. सुरुवातीच्या काळात मी एकाच सुईत बधिर करणारं औषध आणि स्टेरॉइड मिसळून देत असे. रुग्ण टेबलावरून उठता उठता म्हणे, ‘मॅडम, दुखणं गेलं!’ तो पाया पडे आणि मला बरं वाटे. सहा आठवड्यांनी तोच परत आला, की दुसरी सुई, मग तिसरी. साखरेचा त्रास असलेल्या एका बाईंची साखर अशा तिसऱ्या सुईनंतर इतकी चढली, की त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. स्टेरॉइडनं साखर वाढते हे मला ठाऊक होतं, पण ‘थेंबभरानं काय होतंय’ अशा भ्रमात मी होते. त्या रात्री मला आमच्या गल्लीतला पायाळू आठवला. त्याच्या पायानं निदान कुणाची साखर वाढली नव्हती.

मग मी जुनी नियतकालिकं काढून वाचायला बसले. १९९१ साली कॅनडात कॅरेट आणि सहकाऱ्यांनी कमरेच्या सांध्यांवर केलेली चाचणी मला आधीच वाचायला हवी होती. या सांध्यांत लिडोकेन दिल्यावर ज्यांना आराम पडला होता, अशाच ९७ जणांना त्यांनी निवडलं. निम्म्यांच्या सांध्यात स्टेरॉइड, निम्म्यांच्या सांध्यात साधं खारट पाणी सोडलं आणि कुणाला काय मिळालं हे रुग्णाला सांगितलं नाही. महिन्यानं स्टेरॉइडवाल्यांपैकी ४२ टक्क्यांना बराच आराम होता, पाणीवाल्यांपैकी ३३ टक्क्यांना. एवढा थोडा फरक योगायोगानंही पडू शकतो. सहा महिन्यांनी ४६ विरुद्ध १५ टक्के असा मोठा फरक दिसला, पण मधल्या काळात स्टेरॉइडवाल्यांनी इतर उपचारही जास्त घेतले होते. म्हणून स्टेरॉइडचा फारसा उपयोग नाही, असाच निष्कर्ष त्यांनी काढला. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियात बार्न्सली यांनी मोटार अपघातानंतर मान धरलेल्या ४१ जणांच्या मानेच्या सांध्यांवर अशीच चाचणी घेतली. स्टेरॉइड द्या की नुसतं बधिर करणारं औषध द्या, आठवड्याहून जास्त आराम निम्म्यांनाही मिळाला नाही आणि महिन्याहून जास्त तर पाचांत एकालाही नाही.

त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट कळली. एकाच सुईच्या साक्षीवर विसंबलं, तर कमरेच्या बाबतीत दर तिघांत सुमारे एकाची फसगत होते. सुई टोचली, डॉक्टर आपुलकीनं बोलले, एवढ्यानंही दुखणं कमी झाल्यासारखं वाटतं. तो खोटं बोलत नसतो. वेदना अशीच असते. म्हणून दोनदा विचारायचं. एकदा लिडोकेन वापरायचं, ज्याचा परिणाम दोन-तीन तास टिकतो. पुन्हा काही दिवसांनी बुपिव्हाकेन, ज्याचा परिणाम कितीतरी जास्त तास टिकतो. आज कोणतं दिलं हे रुग्णाला सांगायचं नाही. दोन्ही वेळा आराम पडला आणि दुसऱ्या खेपेला तो जास्त वेळ टिकला, तरच साक्ष खरी मानायची. कोर्टात उलटतपासणी होते, तसंच हे.

याच काळात माझ्याकडे पैठणचा एक विणकर आला. पन्नाशीचा. मागावर बसून, मान खाली घालून, रंगीत धाग्यांच्या कांड्या एकेक करून फिरवत त्यानं तीस वर्षं पैठण्या विणल्या होत्या. तीन वर्षांपासून कमर धरलेली. एमआरआयची मोठी पिशवी हातात होती. त्यानं पिशवी बाजूला ठेवली आणि सरळ विचारलं, ‘मॅडम, ही सुई घेतली की मी बरा व्हईन का? खरं सांगा. पैसे उसने आणल्यात.’

मी म्हटलं, ‘मामा, पहिल्या दोन सुयांनी तुम्ही बरे होणार नाही. दुखतंय कुठून तेवढं कळेल. चालेल का?’

त्यांनी थोडा विचार केला. ‘मागाचं कुठं तुटलंय ते कळल्याबिगर आमी बी धागा जोडत न्हाय,’ ते म्हणाले.

पालथं झोपवून पोटाखाली उशी दिली. यंत्राच्या पडद्यावर कणा दिसत होता. प्रत्येक सांध्याला दोन बारीक नसा जातात, म्हणून सांध्याच्या आत न शिरता त्या दोन नसांवर थेंब-थेंब औषध सोडलं. अर्ध्या तासानं त्यांना उठवलं. वाका, वळा, मागे झुका. घरी जाताना एक कागद दिला आणि दर तासाला दहापैकी किती दुखतं ते लिहायला सांगितलं. पंधरा दिवसांनी दुसऱ्या औषधानं तेच केलं. दोन्ही कागद शेजारी ठेवले. पहिल्यावर तीन तास आराम, दुसऱ्यावर संध्याकाळपर्यंत. साक्ष जुळली.

त्यापुढचा उपाय वेगळा असतो. सुईच्या टोकाला सुमारे ८० अंशांची उष्णता देऊन त्या बारीक नसा दीडेक मिनिट भाजायच्या. पायातली ताकद सांभाळणाऱ्या नसा या नव्हेत. या सांध्याची वेदना वर पोचवतात. या उपायाचा इतिहासही चढउतारांचा आहे. १९७१ साली ऑस्ट्रेलियातल्या रीस यांनी लांब पात्यानं या नसा कापून जवळजवळ सगळ्यांना बरं केल्याचा दावा केला होता. पुढे शरीररचनेच्या अभ्यासकांनी मोजून दाखवलं, की त्यांचं पातं त्या नसांपर्यंत पोचतच नव्हतं. पुन्हा पायाळूच! मग १९७५ च्या सुमारास अमेरिकेत शीली यांनी उष्णतेची पद्धत आणली आणि १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात मानेच्या २४ रुग्णांवर तिची काटेकोर चाचणी झाली. नसा खरोखर भाजलेल्यांचं दुखणं निम्म्यावर परत यायला साधारण २६३ दिवस लागले. नुसतं भाजल्याचं नाटक केलेल्यांचं ८ दिवसांत परत आलं. नसा पुन्हा वाढतात, म्हणून आराम कायमचा नसतो.

आमच्या विणकराला दहा महिने बरे गेले. त्या दहा महिन्यांत त्यांनी दर तासाला मागावरून उठून फेऱ्या मारायची सवय लावली, मुलीकडून शिकून पोटाच्या-पाठीच्या स्नायूंचे व्यायाम केले. दुखणं पुन्हा थोडं आलं, पण ते परत सुई मागायला आले नाहीत. एकदा भेटले तेव्हा म्हणाले, ‘गेलं न्हाय मॅडम, पर सापडलं. आता त्याच्याबरोबर ऱ्हाता येतं.’

इथे ही गोष्ट संपवली, तर मी माझ्या धंद्याची जाहिरात केल्यासारखं होईल. पुढचंही सांगितलं पाहिजे. २०१६ मध्ये इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शनात साध्या कंबरदुखीसाठी कण्यातली इंजेक्शनं देऊ नयेत असं म्हटलं गेलं, मात्र निवडक रुग्णांसाठी नसा भाजण्याचा विचार खुला ठेवला. २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या तीन मोठ्या चाचण्यांत व्यायामाच्या जोडीला नसा भाजूनही म्हणावा असा जास्तीचा फायदा दिसला नाही. त्यांत रुग्णांची निवड सैल होती, एकाच सुईच्या साक्षीवर झाली, असा आक्षेप घेतला गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश नियतकालिकातून एका आंतरराष्ट्रीय गटानं तर दीर्घकालीन पाठ-मानदुखीसाठी ही सगळीच इंजेक्शनं आणि नसा भाजणं टाळावं, अशी ठाम शिफारस केली. वेदनातज्ज्ञांच्या संघटनांनी त्याला विरोध केला. वाद अजून मिटलेला नाही. हैदराबादच्या क्लोरोफॉर्म कमिशनची आठवण ठेवून मी एवढंच म्हणेन, की दोन्ही बाजूंनी आपल्या खात्रीवर थोडा संशय ठेवावा.

तोवर आपण काय करायचं? मला समजलं तेवढं सांगते. नवी उसण असेल तर थोडं थांबा, अंथरूण धरू नका, चालत-फिरत राहा. पण लघवी-संडासवरचा ताबा जाणं, पायातली ताकद कमी होणं, ताप, अकारण वजन घटणं, पूर्वीचा कर्करोग किंवा मोठी पडझड, यांपैकी काहीही असेल तर एक दिवसही थांबू नका. कुणी ‘एक इंजेक्शन, कायमचा आराम’ म्हणालं तर त्याला विचारा, ‘सुई यंत्रात बघून देणार का? कोणतं औषध? दुखणं इथूनच आहे हे कशावरून?’ साखर असेल तर ते आधी सांगा. औषध कुठून आलं हेही महत्त्वाचं असतं. २०१२ मध्ये अमेरिकेत बुरशी लागलेल्या स्टेरॉइडच्या बाटल्यांमुळे ७५० हून अधिक माणसं आजारी पडली आणि साठहून अधिक दगावली. त्यांपैकी बहुतेकांना ते औषध कण्यातच दिलं होतं.

आणखी एक भीती आपल्याकडे घरोघर आहे. ‘सिझरच्या वेळी पाठीत सुई दिली, तेव्हापासून कंबर गेली.’ सुईच्या जागी काही दिवस दुखू शकतं, हे खरं. पण वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचा दोष त्या सुईवर टाकता येत नाही. गरोदरपणात ओढलेली कंबर, अपुरी झोप, कडेवरचं मूल, डोक्यावरचं पाणी यांचा हिशोब आपण कधी मांडतच नाही. सुईला श्रेय जसं फुकट मिळतं, तसा दोषही.

मागच्या वर्षी माझ्याकडे एक गृहस्थ आले. कमरेवर हात, वाकडी चाल. नाव ऐकलं आणि मी खुर्चीतून उठलेच. आमच्या गल्लीतला पायाळू! सेवानिवृत्त झालेला, नातवंडांचा आजोबा. म्हणाला, ‘सगळ्या गल्लीला मी पाय लावला. आता मला कोण लावणार? तू तरी सुई दे.’ चार दिवसांपूर्वी पाण्याचा ड्रम सरकवताना उसण भरली होती. मी तपासलं. पायातली ताकद ठीक, ताप नाही, धोक्याचं काहीच नाही. सुई दिली नाही. रोज थोडं चाल आणि तीन आठवड्यांनी भेट, एवढंच सांगितलं. तो जरा नाराजच होऊन गेला.

तीन आठवड्यांनी तो आला नाही. त्याच्या बायकोचा फोन आला. तो एकदम ठणठणीत झाला होता आणि सगळ्या गल्लीला सांगत सुटला होता, की आपल्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी नुसता हात लावला आणि उसण गेली.